बोजा कमी झाल्याची नोंद



तुझा निरोप ऐकला. रात्री सगळ्यांची जेवणं उरकल्यावर ओट्यापाशी उभी राहून, आवाज दाबून बोलली आहेस, हे लगेच कळलं. मागं भांडी वाजत होती. आपल्या बायकांना मनातलं बोलायला तेवढीच वेळ सापडते. आज आमचे हे आल्याच्या रानात गेलेत, संध्याकाळशिवाय रहिमतपुरात परतायचे नाहीत. म्हणजे दुपार माझी आहे, आणि मी ती तुला देणार आहे.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक रडत विचारलीस, दुसरी जाता जाता, 'बाकी सगळं ठीक' म्हणायच्या आधी. मला दुसरीचीच जास्त काळजी वाटते. पण रडणाऱ्या प्रश्नाला आधी जवळ घ्यावं लागतं, म्हणून त्यापासून सुरू करते.

तू म्हणतेस, पाळकसाहेब दर रविवारी सांगतात की ख्रिस्तानं आपल्याला पापाच्या दास्यातून सोडवलं. मग जावेच्या हातातल्या नव्या पाटल्या बघितल्या की पोटात कालवाकालव का होते? गृहपाठ केला नाही एवढ्यावरून पोराच्या पाठीत धपाटा का बसतो? सुटका झालेल्या माणसाचं असं असतं का? ताई, मी खोटी ख्रिस्ती आहे का?

नाहीस. पौलाकडं बघ. ठिकठिकाणी मंडळ्या उभ्या केलेला, फटके खाल्लेला, तुरुंगात बसलेला माणूस. आणि रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तोच कबूल करतो की चांगलं करायची इच्छा आहे, पण हातून होतं ते नको तेच. ख्रिस्ताकडं येण्याआधीच्या स्वतःबद्दल तो हे सांगतोय की नंतरच्या, यावर विद्वान अजून भांडतात. भांडू देत. मला तरी तो अध्याय रविवारची उपासना संपून सोमवार उजाडल्यावर लिहिल्यासारखा वाटतो.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. इंग्लंडात वाँटेज इथं १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं मुंबईत शारदासदन काढलं, विधवा मुलींना शिकवलं, सगळ्या पुण्याशी वैर घेतलं. तरी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं, जवळजवळ आठ, त्यांच्या हाती ख्रिस्ती धर्म आला होता, ख्रिस्त आला नव्हता. नियम माहीत होते, श्रद्धेची कलमं माहीत होती, मनाला मात्र विसावा नव्हता. रमाबाईंसारख्या बाईला आठ वर्षं लागली, आणि तू जावेच्या पाटल्यांवरून स्वतःला फाशी द्यायला निघालीस!

आता मला हे कसं उमगलं ते सांगते. तू शेतकऱ्याच्या घरची आहेस, तुला कळेल. सोसायटीचं पीककर्ज फेडलं, पावती हातात आली, कर्ज संपलं. तरी सातबारा काढावा तर 'इतर हक्कात' सोसायटीचा बोजा तसाच बसलेला. का, तर तो आपोआप उतरत नाही. सोसायटीकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्यायचा, तलाठ्याकडं द्यायचा, फेरफार धरायला लावायचा, तो मंजूर व्हायचा, तेव्हा कुठं बोजा कमी झाल्याची नोंद पडते. तोवर तो उतारा बघणाऱ्याला आपण कर्जदारच दिसतो. आपलं आपल्यालासुद्धा तसंच वाटत राहतं. ख्रिस्तानं वधस्तंभावर जे करायचं ते केलं. कर्ज फिटलं, आणि ते पुन्हा फेडायची गरज नाही. तुझ्या मनाच्या सातबाऱ्यावर मात्र जुना बोजा अजून लिहिलेला आहे. तो काढायला रोज थोडं चालावं लागतं, हेलपाटे घालावे लागतात. अशा वेळी बायका काय करतात, तर दाखला घेऊन जायचं सोडून पुन्हा हप्ते भरायला लागतात.

तेच तू चालवलंयस. शुक्रवारचा उपवास धरलास, चांगलं केलंस. पण पाटल्यांचा विचार मनात आला की उपवासाचा एक दिवस वाढवते म्हणालीस ना, तिथं मी थांबले. प्रार्थनेला मन मोकळं राहावं म्हणून उपाशी राहणं वेगळं. स्वतःला दंड ठोठावायला उपाशी राहिलीस, तर आपला दंड कुणीतरी आधीच भरलाय, यावर तुझा विश्वास नाही, एवढंच त्यातून दिसतं. ते बंद कर. जेव वेळेवर. उपाशीपोटी पोरावर राग जास्तच निघतो, हे सांगायला शास्त्र कशाला लागतं?

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तुझ्याकडं आहे ना? नसलं तर माझं ने, पण परत आण. त्यात त्यांच्या वडिलांचं सोवळं वाच. बाहेरून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय त्यांना चालत नसे. घरभर नुसतं धुणं आणि शिवाशिव. वाचताना आधी हसू येतं, मग अंगावर काटा येतो, कारण तो माणूस दुष्ट नव्हता, घाबरलेला होता. मळ बाहेरून येतो आणि पाण्यानं जातो असं एकदा ठरलं की माणूस आयुष्यभर धूत बसतो. त्याच घरातली ही मुलगी. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला, त्या धक्क्यानं जवळपास पाच वर्षं ती त्याच्यापासून दूर राहिली. परत आली तीही आपलं सोवळं घेऊन. वेगळी चूल, वेगळं पाणी. मग एके दिवशी तिचं तिलाच वाटलं की या जाती काही देवानं केलेल्या नाहीत, माणसांनी केल्यात, आणि ते सोवळं गळून पडलं. कुणी उपदेश करून ते सुटलं नव्हतं. त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. क्रम लक्षात घे: आत काहीतरी आधी मोकळं झालं, पाणी डोक्यावर नंतर पडलं.

आणि आपण? त्यांच्या वडिलांना हसणाऱ्या आपणही नवं सोवळं काढलंच आहे. आपल्या मंडळीत पाप म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? दारू, तंबाखू, जत्रेचा नारळ, रविवार चुकवणं. एखादा पोरगा गुटखा खाताना सापडला तर त्याच्यासाठी खास प्रार्थना होते. पण सोयरीक जुळवताना "मूळचे कोण?" असं हळूच विचारतात, ते कुणी पापात धरत नाही. पंचकमिटीच्या निवडणुकीनंतर दोन घरं एकमेकांना सलाम करत नाहीत, तरी दोघं एकाच रांगेत प्रभुभोजन घेतात. गलतीकरांच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, पौलानं देहस्वभावाच्या कर्मांची यादी दिलीय ती काढून बघ. व्यभिचार आहे, दारूबाजी आहे, ती सगळ्यांना पाठ. पण त्यांच्या मध्ये, त्याच पंगतीला, वैर, हेवा, राग, भांडणं, तट पाडणं हेही बसवलंय. पौलानं त्यांच्यासाठी वेगळं पान मांडलं नाही. आपल्या शेजारच्या आज्या षड्रिपू सांगायच्या ना, काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर, त्यातही मत्सर काही शिल्लक राहिलेला म्हणून शेवटी नव्हता. तेव्हा पाटल्यांवरून जळणं ही किरकोळ गोष्ट आहे, असंही मी म्हणणार नाही. त्यापायी तू स्वतःला खोटी ठरवू नकोस, एवढंच.

मग सुटका झाली म्हणजे नेमकं काय झालं? हेवा येणार नाही असं कुणी कबूल केलेलं नाही. पूर्वी तो आला की तू त्याचं ऐकायचीस. संध्याकाळी नवऱ्याशी तोंड वाकडं, सासूबाईंशी टोमणा, रात्री मोबाइलवर सोन्याचे भाव. आता तो येतो आणि तू त्याला दारात उभा करू शकतेस. ऐकायची सक्ती संपली. तेवढंच, पण ते थोडं नाही.

पाटल्यांचं म्हणशील, तर मला वाटतं पाटल्या तुला नकोच आहेत. सासूबाईंनी त्या आल्यागेल्याला दाखवल्या, आणि तू वर्षभर त्यांच्या गुडघ्याला तेल लावतेस त्याचा कुणी उच्चार केला नाही, ते तुला लागलं. बरोबर? मग देवापुढं तेच बोल. सोन्याचा लोभ काढून टाक म्हणून प्रार्थना करत राहिलीस तर उत्तर यायचं नाही, कारण दुखणं तिथं नाही. आणि जावेसाठी प्रार्थना कर, नाव घेऊन. मात्र "प्रभो, तिला सुबुद्धी दे" असलं काही नको. ती प्रार्थना कसली, ती तक्रार झाली. तिच्या पोराची बारावी आहे, त्यासाठी माग. तिच्या माहेरचं काय दुखतंय ते विचारून घे. जिच्या पोराच्या मार्कांसाठी आपण गुडघे टेकले तिच्या पाटल्या आपल्याला फार दिवस टोचत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

पोराचं मात्र सोपं आहे आणि अवघडही. त्याची माफी माग. खाली बसून, त्याच्या डोळ्यांकडं बघून. "मी चिडले, पण मारायला नको होतं," एवढंच. "पण तूही अभ्यास करत नाहीस" हे शेपूट जोडायचं नाही. आईनं माफी मागितली तर पोर डोक्यावर बसेल असं आपल्याकडं म्हणतात. बसू दे. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय आठव. जकातदार, लोकांना लुबाडून गबर झालेला. येशू त्याच्या घरी उतरायला गेला, तर तो काही डोळे मिटून स्तोत्र म्हणत बसला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट, असा रोकडा हिशेब त्यानं उभ्या उभ्या केला. पश्चात्ताप असा हाताला लागणारा असतो.

आणि राग काही महिन्याभरात जाणार नाही, हेही सांगून ठेवते. लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याचं, नारायण वामन टिळकांचंच घे. ज्यांची गीतं आपण दर रविवारी म्हणतो, ख्रिस्ताकडं आपण तुकारामांच्या पुलावरून आलो असं जे म्हणायचे, ते टिळक घरात भयंकर तापट. चिडले की घर सोडून चालते व्हायचे. लक्ष्मीबाईंनी ते झाकून ठेवलं नाही. आणि लिहिलं तेही असं, की वाचणाऱ्याला टिळकांबद्दल तिरस्कार वाटत नाही. त्यांचा राग दिसतो, मागून येणारा पश्चात्ताप दिसतो, आणि दोन्ही सोसून हसणारी बाई दिसते. संतांची चरित्रं कुणी लिहावीत तर बायकोनं, असं मला ते पुस्तक वाचल्यापासून वाटतं.

पण टिळकांची सुटका कुठं दिसते ते सांगू? आपल्या साताऱ्यात. आयुष्याच्या अखेरीला, १९१७ साली, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला. नाव झालेलं, 'ज्ञानोदय' नियतकालिकात लेखणी चालू, मिशनऱ्यांत मान. ते सगळं ठेवून ते साताऱ्याला आले आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात भाऊबंद. परदेशी साहेबांच्या हो-नाहीवर आपल्या देशातला ख्रिस्त अवलंबून राहू नये, ही त्यांची तळमळ. पुढं दोन वर्षांतच, ९ मे १९१९ ला, ते गेले. दरबार फार मोठा झाला नाही. पण ज्या माणसाला पगाराची, पदाची, 'साहेब काय म्हणतील' याची भीती उरली नाही, त्याला मी मोकळा म्हणेन, मग त्याचा पारा अधूनमधून का चढेना. सातारला जाताना गाडीत बसले की हे माझ्या मनात येतं. आपण त्यांना नगरचे म्हणतो, पण शेवटची मोठी उडी त्यांनी आपल्या अंगणात मारली.

आता इथं जरा जवळ ये, कारण इथूनच तुझी दुसरी गोष्ट सुरू होते.

टिळक पैशापासून मोकळे होते, खरं. हातात पैसा आला की तो टिकत नसे; समोर गरजू दिसला की देऊन मोकळे. कुणाचीही पोरं घरी आणायची, जेवायला किती जण असतील याचा नेम नाही. छान. पण संध्याकाळी डब्यात पीठ नाही, हे कुणाला दिसायचं? लक्ष्मीबाईंना. नवऱ्याच्या निःस्वार्थीपणाचा खर्च कुणाच्या खाती पडत होता? टिळकांना मी नावं ठेवत नाही, मोठाच माणूस. पण घरातल्या एकानं स्वार्थ सोडला की त्याची भरपाई दुसऱ्याच्या कष्टातून होते का, हे प्रत्येक वेळी बघायला हवं. लक्ष्मीबाईंना ते दिसलं आणि त्यांनी ते लिहिलं. त्यांनी केलेली ही सेवा 'ख्रिस्तायना'हून कमी मानू नये. ते टिळकांनी सुरू केलेलं आणि अर्धवट राहिलेलं काव्यही पुढं बाईंनीच पुरं केलं.

तर तू जाता जाता म्हणालीस: दादा हक्कसोडपत्रावर सही मागतोय, वडिलांच्या जमिनीत मला काही नको असं लिहून द्यायचं, आणि "स्वार्थ सोडायचाच असतो ना ताई, म्हणून करून टाकते."

थांब.

कोण म्हणालं हे तुला, की आपला हिस्सा ठेवणं म्हणजे स्वार्थ? दादा म्हणाला? वहिनी म्हणाली? की मंडळीतल्या कुणी वडीलधाऱ्यानं शास्त्रातलं वचन काढून दाखवलं? 'स्वतःला नाकारा' हे वचन बहिणीला दाखवतात आणि भावाला दाखवत नाहीत, हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता ते वचन कुणाच्या तोंडून येतंय ते आधी बघते. बाईनं हक्क सोडला की ती देवभोळी, शहाणी, माहेर राखणारी. पुरुषानं सोडला तर त्याला वेडा म्हणतात. ख्रिस्त काही असा दोन मापांनी मोजत नव्हता.

पुन्हा रमाबाईंकडं जाऊ. वाँटेजच्या आश्रमातल्या धर्मभगिनींचा त्यांच्यावर जीव होता, उपकारही होते. पण त्यांची अपेक्षा अशी की रमाबाईंनी आता शिकवलं जाईल ते मुकाट मानावं. रमाबाईंनी पत्रांतून स्पष्ट कळवलं की पुरोहितांचं एक जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, ते दुसरं चढवून घ्यायला नव्हे. माझ्या सदसद्विवेकाचा निर्णय मी करीन. उद्धट ठरल्या त्या. अहंकारी ठरल्या. पण याच बाईनं पुढं दुष्काळात मध्य प्रांतातून मुली गोळा करून केडगावला आणल्या, 'मुक्ती' उभं केलं, स्वतःची एकुलती लेक मनोरमा त्याच कामाला लावली, तीही १९२१ मध्ये त्यांच्याआधी गेली, आणि त्या मराठी बायबलच्या भाषांतराचं काम करत शेवटपर्यंत राबल्या. केडगावचं काम अजून चालू आहे. 'नाही' म्हणता येणाऱ्या बाईनंच एवढं दिलं. मला वाटतं, 'नाही' म्हणता येत होतं म्हणूनच देता आलं.

कुणीतरी मोठ्यानं लादलेला त्याग काय करतो हे बघायचं तर आपल्या गावच्या माणसाकडं जा. वसंत कानेटकर रहिमतपुरात जन्मले, हे तुला शाळेत सांगितलं असेल. त्यांचं 'मत्स्यगंधा' हे नाटक १९६४ चं. म्हाताऱ्या शंतनूला तरुण सत्यवती हवी, तिच्या बापाला तिच्या मुलांसाठी राज्य हवं, आणि या दोघांच्या हव्यासाची किंमत देवव्रतानं भरायची. तो प्रतिज्ञा करतो, भीष्म होतो, सगळे धन्य धन्य म्हणतात. पण त्या प्रतिज्ञेनं कोण सुटलं? शंतनूचा लोभ सुटला नाही, त्याला उलट वाट मिळाली. भीष्म जन्मभर बांधला गेला, आणि त्या त्यागाच्या पोटी पुढं कुरुक्षेत्र आलं. दुसऱ्याच्या लोभाला पाय फुटावेत म्हणून आपण त्याग केला, तर त्यात दोघंही पापात राहतात. तू सही केलीस म्हणून दादाची हाव कमी होईल, असं तुला खरंच वाटतं?

गलतीकरांच्या त्याच अध्यायात पौल म्हणतो की तुम्हाला स्वातंत्र्यासाठी बोलावलंय, पण ते देहस्वभावाला मोकाट सोडायचं निमित्त करू नका, प्रेमानं एकमेकांची सेवा करा. मार्टिन ल्यूथरनं १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्याचा सारा भर यावरच: ख्रिस्ती माणूस कुणाचा ताबेदार नाही, आणि तोच सगळ्यांचा चाकर आहे. दोन्ही एकदम. पण आधीचं पाऊल गाळून दुसरं टाकता येत नाही. जिला नकार द्यायची मुभाच नाही तिनं केलेली सेवा दिसायला तशीच दिसते, भाकरी तीच, पाण्याची कळशी तीच. पण ती वेठ असते. आणि वेठीवर राबणारी बाई आतून कडू होते. तो कडूपणा मग पोराच्या पाठीत निघतो. तुझे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत, पोरी.

आता कायदा, कारण तो कुणी तुला सांगितलेला दिसत नाही. आपल्याला हिंदू वारसा कायदा लागत नाही, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल तर त्याप्रमाणं होईल, ते आधी विचार. केलं नसेल तर एक तृतीयांश आईचा, आणि उरलेलं मुलांमध्ये सारखं, मुलगा-मुलगी फरक नाही. तुम्ही दोनच भावंडं, म्हणजे आई, दादा आणि तू, तिघांना एकेक तृतीयांश. लग्नात खर्च झाला, दागिने दिले, म्हणून तुझा हिस्सा उडत नाही. आणि हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवलं गेलं की ते मागं घेणं फार अवघड, कोर्टात झिजावं लागतं.

केरळात जुन्या त्रावणकोरच्या ख्रिस्ती लोकांना १९१६ चा वेगळाच कायदा होता: मुलीला मुलाच्या हिश्शाच्या पावपट किंवा पाच हजार रुपये, यात जे कमी असेल ते. मेरी रॉय नावाच्या बाई त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या. लेखिका अरुंधती रॉय यांच्या आई त्या. त्यांच्यावर चर्चमधली माणसं चिडली, घर मोडणारी म्हणाली. हिस्सा मागणाऱ्या बाईला सगळीकडं हेच ऐकावं लागतं, त्याची तयारी ठेव. साताऱ्यात काय अन् कोट्टायममध्ये काय.

आता दुसरी बाजू न सांगता तुला सोडलं तर मी तुझी ताई कसली? हिस्सा घे असं मी म्हणत नाही. हिस्सा तुझा आहे हे ओळख, मग ठरव. जमीन हवीशी वाटते ती कशासाठी, हे स्वतःला विचार. जावेच्या पाटल्यांना उत्तर म्हणून पाहिजे असेल तर सावध हो. तो तोच जुना हेवा नवं लुगडं नेसून आलाय. दादानं वडिलांच्या आजारपणात कर्ज काढलं असेल, आईला तोच सांभाळत असेल, रानात तोच राबत असेल, तर ते सगळं वजनात धर. मनापासून वाटलं तर थोडं ठेव, थोडं दे, नाहीतर सगळं दे. आनंदानं दिलेल्या देण्याला मी कोण अडवणार? पण ते तुझं देणं असू दे. "मला काही नको" असं मान खाली घालून लिहून देणं, आणि "हे माझं आहे, मी तुला देते दादा" असं समोर बसून म्हणणं, यात सही एकच असली तरी बाई एक नसते. आणि दुसरं वाक्य म्हणायला धीर होत नसेल, तर समज की अजून द्यायची वेळ आली नाही.

आईला विचारलंस का? तिचा तिसरा हिस्सा आहे, तिच्याकडूनही सही घेणार आहेत का? म्हातारपणी तिच्या नावावर काही उरणार आहे का? सगळ्यांच्या प्रेमात ही गोष्ट नेमकी विसरली जाते. तू स्वतःसाठी बोलायला लाजत असशील तर तिच्यासाठी बोल. तो तर स्वार्थ नाही ना?

तुझ्या नवऱ्यालाही यात आत्ताच ओढू नकोस. चांगला आहे तो, पण जमिनीचं नाव निघालं की चांगल्या चांगल्यांचे सल्ले बदलतात. आधी तुझं तू ठरव, देवापुढं, शांतपणे, जेवून-खाऊन.

तर आज एवढंच कर. शुक्रवारखेरीज वाढवलेला उपवास सोड. पोराशी बोल. दादाला सांग की कागद वाचायला हवा आहे, आठ-पंधरा दिवसांनी कळवते. त्यानं घाई केली तर त्या घाईतूनही तुला काही कळेल. आणि दुय्यम निबंधकाकडं जायची तारीख त्यानं परस्पर ठरवली तर त्याआधी मला फोन कर. सातारला माझ्या ओळखीच्या वकीलबाई आहेत, त्यांना कागद दाखवू. मी पहिल्या गाडीनं येते.